रेडिएटरमधील पाणी जाते कोठे?

(रस्ता सुरक्षा मासानिमित्त चिकोडी येथे भरलेल्या वाहनचालक, ग्रामस्थ व शिक्षक यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



यंत्राविषयी बोलण्यास एका प्रसिद्धी अधिकाऱ्याला उभे करण्यात आले, याचे आपणांस आश्चर्य वाटले असेल. ते मलाही वाटते. मी कला शाखेचा पदवीधर. वाङ्मय आणि इतिहास हे माझे विषय. इंजिनाचा एक नटही मी स्वतःच्या हाताने कधी सोडविलेला नाही. परंतु आमच्या खात्याच्या चित्रपट दाखविणाऱ्या जुन्या गाडीतून ह्या भागातील गावोगाव हिंडत असताना एका साध्या प्रश्नाने मला पुरते हैराण केले होते. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरलेला असतो, संध्याकाळी तो दोन बोटे रिता असतो, आणि गाडीखालची जमीन तर कोरडी ठणठणीत असते. मग पाणी जाते कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर मला ज्यांनी शिकविले, ते एक निवृत्त सैनिक होते. त्यांचे ज्ञान आपणांपर्यंत पोहोचविणे एवढेच आज माझे काम आहे.

बाहेर मैदानात एक जुना ट्रक उभा आहे. त्याच्या मालकांच्या संमतीने काल संध्याकाळी त्याच्या पुढील भागाखाली एक मोठा पुठ्ठा अंथरून ठेविला आहे. तो कशासाठी, ते ओघाने येईलच.

सध्या उसाचा हंगाम भरात आहे. चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी ह्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रंदिवस वाहनांची रांग असते. त्यांतील अनेक ट्रक वयस्क आहेत. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते हे आपण जाणताच. परंतु तपासणीच्या दिवशी, रिकाम्या आणि थंड गाडीत, पाण्याची बारीक गळती दिसेलच असे नाही. ती दिसते भरल्या गाडीनिशी चढ चढताना. निपाणीहून संकेश्वरकडे निघाले की थोड्याच अंतरावर तवंदीचा घाट लागतो. कृष्णाकाठच्या अंकलीकडून चिकोडीस यावयाचे तरी चढच आहे. ह्या चढांवर पाण्याचा काटा लाल रेषेकडे सरकू लागतो आणि चालक गाडी कडेला घेतो. त्यानंतर जे घडते, ते सांगण्यासाठीच मी हा विषय निवडला.

काही वर्षांपूर्वी तवंदीच्या घाटात माझ्या डोळ्यांदेखत एका तरुण क्लीनरने तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले. हातावर ओले गोणपाट घेतले होते, तेवढी काळजी त्याने घेतली होती. झाकण अर्धे फिरले मात्र, वाफेचा आणि पाण्याचा लोट पुरुषभर उंच उडाला. मुलाचा चेहरा, मान आणि छाती भाजली. सोबतच्या मंडळींनी घाईघाईने त्याच्या अंगावर हळद आणि दातांची पेस्ट लावली. दवाखान्यात ती खरवडून काढताना त्याला ज्या यातना झाल्या, त्या भाजल्यापेक्षा कमी नव्हत्या. मुलगा वाचला, पण त्याची मान आजही एका बाजूस पूर्ण वळत नाही.

असे का व्हावे? शिक्षक मंडळींनी हे मुलांना अवश्य समजावून सांगावे, कारण ह्यातील शास्त्र प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात आहे. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांना उकळते. चिकोडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६८० मीटर उंच आहे, त्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळू लागते. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी तर सुमारे ८८ अंश पुरतात. इंजिनाला मात्र याहून तापलेले पाणी न उकळता वाहून न्यावयाचे असते. म्हणून रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग घालून प्रेशर कुकरप्रमाणे दाब राखण्याची योजना केलेली आहे. दर चौरस इंचामागे एक पौंड दाब वाढला, की उकळण्याचे तापमान सुमारे दीड अंशाने वाढते. सात पौंडांचे झाकण असेल तर आपल्या चिकोडीत ते पाणी १०८ अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, आणि १०५ अंशांवरील त्या पाण्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होऊन उसळतो. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. कुकरची शिटी वाजत असताना झाकण उघडू नये हे घरातील लहान मुलीसही ठाऊक असते. ट्रकच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

तेव्हा गाडी तापल्यास ती सुरक्षित जागी थांबवावी आणि वरची रबरी नळी बाहेरून हातास सहज सोसेल इतकी गार होईपर्यंत झाकणास हात लावू नये. अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल. पुढे झाकण जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, तोंड बाजूस ठेवावे आणि फुसफुस पूर्ण थांबल्यावरच ते काढावे. लालबुंद तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. लोखंडाला तडा जातो, आणि साधी रबरी नळी फुटल्याचे प्रकरण संपूर्ण इंजिनावर जाते. कोणी भाजलेच, तर त्या भागावर वीस मिनिटे स्वच्छ, साधे, वाहते पाणी सोडावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हळद, शाई, पेस्ट, तेल यांपैकी काहीही लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गाडी तापण्याचे कारण पुष्कळदा पाणी कमी होणे हे असते, आणि पाणी कमी होण्याचे कारण गळती. तरीही बहुतेक चालक कॅनने पाणी घालीत राहतात आणि गळतीचा शोध पुढे ढकलतात. माझेही तसेच झाले.

२००८ च्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. मी सेवेत नवा होतो. पोलिओ लसीकरणाच्या रविवारापूर्वी कृष्णाकाठच्या मांजरी, येडूर, कल्लोळ ह्या गावांत रात्री माहितीपट दाखवून पालकांना आवाहन करावयाचे होते. आमची गाडी म्हणजे एका जुन्या ट्रकवर बांधलेली पेटी. पूर्वी ती उत्तरेकडे थंड प्रदेशात वापरात होती आणि तिच्यात हिटर बसविलेला होता. आपल्याकडील जुन्या ट्रकांना हिटर सहसा नसे. इंजिन चालकाच्या शेजारीच असल्याने बॉनेटवर बसून प्रवास केलेल्यांना उष्णतेची वाण कधी भासली नाही! हिटरची रचना मात्र सोपी आहे. इंजिनात तापलेले पाणी एका रबरी नळीने चालकाच्या कक्षात आणावयाचे, तेथे वहीएवढ्या लहानशा रेडिएटरमधून फिरवावयाचे, दुसऱ्या नळीने परत न्यावयाचे, आणि त्या लहान रेडिएटरवर पंख्याने हवा सोडावयाची. घाटात इंजिन तापू लागल्यास हिटर व त्याचा पंखा पूर्ण सुरू करावा, म्हणजे तो दुसऱ्या रेडिएटरचे काम करून थोडी उष्णता बाहेर टाकतो, अशी युक्ती जुने चालक सांगतात आणि ती खरी आहे.

आमच्या गाडीतून रोज दीड-दोन लिटर पाणी नाहीसे होऊ लागले. खाली थेंब नाही. आमचे नेहमीचे चालक रजेवर होते. मी गाडी एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी रेडिएटर पाहिला, नळ्या पाहिल्या आणि पाणी बाहेर जात नसेल तर इंजिनातच जळत असले पाहिजे, असे अनुमान काढले. हेड गॅस्केट बदलावे असे ठरले. इंजिन उघडले गेले, आठ दिवस गाडी उभी राहिली, बरीच रक्कम खर्ची पडली. त्या आठ दिवसांत पोलिओचा रविवार येऊन गेला. ज्या तीन गावांत आम्ही जावयाचे होते, तेथे दवंडीवर काम भागवावे लागले. एवढे करून गाडी बाहेर आली, नवे हिरवे कूलंट भरले, आणि पाचव्या दिवशी अंकलीचा चढ चढताना काटा पुन्हा वर गेला.

तोपर्यंत आमचे चालक रजेवरून परतले होते. त्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू. सैन्यात असताना त्यांनी लेहच्या रस्त्यावर ट्रक चालविले होते. त्यांनी बॉनेट उघडले नाही. चालकाच्या शेजारील पायाखालची काथ्याची चटई त्यांनी उचलली, खाली हात फिरविला, दोन बोटे एकमेकांवर घासून पाहिली आणि म्हणाले, "सायेब, ही खालनं वली हाय. पावसाचं पानी न्हवं हे, बोटाला चिकाट लागतंय. इंजिन उघडलं त्यांनी, पर चटई कुनी उचलली न्हाई."

मग मला एकेक गोष्ट आठवू लागली. कितीतरी दिवस सकाळी समोरच्या काचेवर आतून धुके धरत होते आणि पुसल्यावर तेलकट पट्टे उमटत होते. गॅस्केट बदलल्यापासून कक्षात गुळचट वासही येत होता. तो मी प्रसादाच्या पिशवीचा समजत होतो. हिटरच्या लहान रेडिएटरला केसाएवढी चीर पडली होती. गाडी थंड असताना ती मिटत असे, म्हणून उभ्या गाडीखाली थेंब पडत नसे. गाडी तापून दाब वाढला की ती उघडे, पाणी पेटीतून चटईत मुरे, आणि उरलेले वाफ होऊन काचेवर बसे.

मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. अंदाजाने दुरुस्ती करावयाची नाही, हा त्यांचा नेम होता. गाडी गार झाल्यावर त्यांनी हिटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या सोडविल्या, लोखंडी नळीचा वीतभर तुकडा मध्ये घालून त्या एकमेकींस जोडल्या आणि दोन्ही बाजूंस क्लिपा आवळल्या. आता पाणी हिटरमध्ये न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरू लागले. रेडिएटरमधील पातळीवर खूण केली आणि चार दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालविली. पातळी हलली नाही. दोष हिटरमध्येच आहे हे सिद्ध झाले, आणि खर्च आला तो दोन क्लिपांचा. पुढे तो तांब्या-पितळेचा लहान रेडिएटर काढून झाळून घेतला. नवीन गाड्यांत अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक वापरतात. ते असे झाळता येत नाहीत, बदलावेच लागतात.

ती गाडी आता नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवण्यात येत नाही, त्यानुसार तीही मोडीत निघाली. मामांची पद्धत मात्र खाजगी मालकांच्या शेकडो जुन्या ट्रकांस आजही लागू आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

प्रथम गाडी रात्रभर उभी असताना खाली पुठ्ठा किंवा जुनी वर्तमानपत्रे पसरावीत. गाडी चालत असताना वाऱ्याने थेंब मागे उडतात आणि भलत्याच जागी डाग दिसतो. उभ्या गाडीचा थेंब सहसा खरे बोलतो. डाग अगदी पुढे असेल तर रेडिएटरची खालची टाकी किंवा तोटी पाहावी. पंख्याच्या पुलीखाली असेल तर वॉटर पंप. त्याच्या पोटाशी एक बारीक छिद्र असते, आतील सील गेले की तेथून पाणी ठिबकते. ते छिद्र बुजविणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती तक्रारीची खिडकी आहे, तिला खिळे ठोकून काय साधणार? इंजिनाच्या कडेस ओघळ असेल तर ब्लॉकवरील गोल पत्र्याच्या टोप्या गंजलेल्या असतात. आणि डाग मागे, चालकाच्या कक्षाच्या पुढील भिंतीखाली असेल, तर हिटरच्या नळ्यांकडे वळावे.

डाग नसला तरी खुणा असतात. वाळलेले कूलंट हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा ठेवते. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार जमतो. नुसते पाणी बोटावर वाळून जाते, डिझेल व तेल बुळबुळीत लागते, कूलंट चिकट लागते. चाखून मात्र कोणी पाहू नये. कारण थोड्याच वेळात सांगतो.

ज्या गॅरेजात हातपंपाचा दाबमापक असेल तेथे काम आणखी सोपे होते. गार गाडीच्या रेडिएटरवर झाकणाऐवजी तो बसवून झाकणावर कोरलेल्या आकड्याएवढाच दाब द्यावयाचा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावयाचा. काटा उतरला तर गळती आहे. मग विजेरी घेऊन शोध घ्यावा. गाडीखाली काही नसेल तर चटईखाली पाहावे. ह्याच वेळी झाकणही तपासून घ्यावे. त्याचे रबर झिजले असेल तर बाकी सर्व धडधाकट असूनही पाणी उकळून बाहेर जाते.

वातानुकूलित कक्षाच्या गाड्यांत एक फसगत संभवते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांत चालकाच्या कक्षास वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, त्यामुळे हा अनुभव पुढे वाढणार. थंड हवेच्या यंत्राचे पाणी निचऱ्याची नळी तुंबल्यास आत सांडते. ते स्वच्छ असते, बोटास चिकटत नाही, त्यास वास येत नाही. पावसाळ्यात काचेच्या रबरातूनही पाणी झिरपते. ओली चटई दिसताच हिटरवर आरोप ठेवू नये. बोटे घासून पाहावीत.

मग हेड गॅस्केटचा संशय कधी घ्यावा? इंजिन गरम झाल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला, तेल ताकासारखे फेसाळ झाले, गार गाडी सुरू करताच दोन-चार मिनिटांत वरची नळी दगडासारखी ताठ झाली किंवा पाण्यात सतत बुडबुडे आले, तर जरूर घ्यावा आणि गाडी त्वरित थांबवावी. हिवाळ्यात पहाटे पहिली काही मिनिटे येणारा पांढरा धूर सर्वच गाड्यांना येतो. एवढ्यावरून इंजिन उघडण्यास संमती देऊ नये.

हळदीविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकावयाची, हा आपल्या चालकांचा परंपरागत उपाय. शेजारी सांगलीची पेठ असल्याने हळदीस तोटाही नाही. तिचे कण चिरेत जाऊन बसतात आणि गळती काही काळ थांबते, हे नाकारण्याचे कारण नाही. मध्यरात्री घाटात अडकलेल्या माणसाने ती टाकून घर गाठले, तर मी त्यास दोष देणार नाही. पण घरी पोहोचल्यावर ते पाणी काढून सर्व यंत्रणा धुवून घ्यावी. तीच हळद बारीक नळ्यांत साचते, आणि सर्वांत आधी बुजतो तो हिटर, कारण त्याच्या नळ्या सर्वांत अरुंद. मग गळती थांबलेली असते आणि गाडी तरीही तापते.

पाणी कोणते घालावे? शक्यतो विहिरीचे वा बोअरचे जड पाणी घालू नये. सतत ओलिताखाली राहिल्याने नदीकाठच्या काही जमिनी कशा खारवटल्या हे आपण पाहतो. तोच क्षार रेडिएटरच्या पोटात थर धरतो. गाळलेले पावसाचे किंवा शुद्धीकृत पाणी आणि कूलंट निम्मेनिम्मे घ्यावे. कूलंटमुळे गंज रोखला जातो, पाणी उशिरा उकळते, आणि त्याच्या रंगामुळे गळती नजरेस पडते. भरताना हिटरची तोटी उघडी ठेवावी, म्हणजे आत कोंडलेली हवा निघून जाईल. इंजिन फिरवून पातळी पुन्हा पाहावी.

आणि आता ते कारण. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल हा पदार्थ असतो. तो चवीस गोड आणि पोटात गेल्यास विषारी असतो. मूत्रपिंडे निकामी होऊन माणूसही दगावू शकतो. अंगणात ट्रक धुताना सांडलेले हिरवे पाणी कुत्रे चाटते, वासरू त्यास तोंड लावते, आणि पुढे जनावर कशाने गेले हे मालकास समजतही नाही. काढलेले कूलंट गटारात, ओढ्यात वा शेताच्या बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून त्यावर 'विष' असे लिहावे, मुलांच्या हातास येणार नाही असा ठेवावा आणि गॅरेजात जमा करावा. पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत तर ते कधीच भरू नये. शिक्षकांनी हे मुलांच्या मनावर बिंबवावे, कारण गोड चवीचा मोह त्यांनाच अधिक.

ट्रॅक्टर-मालकांनी हे सारे आपल्यासाठी नाही असे समजू नये. हिटरचा भाग वगळता रेडिएटर, पंप, नळ्या, झाकण आणि विष ही सारी त्यांच्याकडेही आहेत.

आता आपण मैदानात जाऊ. त्या ट्रकाचे पाणी महिनाभर कमी होत आहे, असे मालक सांगतात. त्यास हिटर आहे, आणि इंजिन उघडण्याचा सल्ला त्यांना दोन ठिकाणी मिळालेला आहे. प्रथम पुठ्ठा बाहेर ओढून डाग कोठे पडला ते पाहू. तो कोरडा निघाल्यास मालकांनी आपली चटई उचलावी. गाडी रात्रभर उभी असल्याने आज झाकण उघडण्यास हरकत नाही. तरी पहिला हात मिस्त्रींचाच असू द्या, आणि मुलांनी थोडे मागे उभे राहावे.